जशी होती तशी
(जुन्या मोटारींच्या परीक्षणातील बारकावे)

थंडीचे दिवस सुरू झाले की दिल्ली, कोलकाता, मुंबई यांसारख्या शहरांत जुन्या मोटारींचे मेळावे भरू लागतात. 'द स्टेट्समन' या इंग्रजी दैनिकाने १९६४ साली दिल्लीत जुन्या मोटारींची रॅली सुरू केली. पुढे ती कोलकात्यातही भरू लागली आणि आता देशाच्या अनेक भागांत असे सोहळे होतात. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या गर्दीला त्यात दिसते ती झळाळी : आरशासारखे चकाकणारे बॉनेट, पितळी भोंगा, चामड्याच्या गाद्या, फेटा बांधलेला चालक. मोटारीशेजारी उभे राहून छायाचित्र काढून घेण्यासाठी रांग लागते. त्याच वेळी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला एखादा मनुष्य गुडघे टेकून, हातात विजेरी आणि दांडीला बसवलेला लहानसा आरसा घेऊन मोटारीच्या पोटाखाली काहीतरी न्याहाळत असतो. तो परीक्षक असतो. झळाळीशी त्याला फारसे कर्तव्य नसते. रेडिएटरच्या रबरी नळीवर आवळलेली क्लिप कोणत्या घाटाची आहे, बिजागरीतील स्क्रूची खाच सरळ आहे की फुलीची, वायरीवरचे वेष्टण सुताचे आहे की प्लॅस्टिकचे, याची तो नोंद करीत असतो.

निकाल लागल्यावर बहुधा एखादा मालक अवाक् होतो. चार-पाच वर्षे खपून, पदरचे लाखो रुपये घालून त्याने मोटार उभी केलेली असते. 'कारखान्यातून निघाली तेव्हा होती त्याहून ती सुंदर केली, मग गुण गेले कसे?' असा त्याचा प्रश्न असतो. त्याचे उत्तर त्याच्या प्रश्नातच आहे. त्याहून सुंदर केली, म्हणूनच गुण गेले.

या उत्तरामागचा विचार समजून घेतला, म्हणजे जुन्या मोटारींच्या जगात लहानशा स्क्रूला एवढे महत्त्व का, ते ध्यानात येते.

सौंदर्याकडून अस्सलपणाकडे

मोटारींच्या परीक्षणाला 'काँकूर द एलेगान्स' असे फ्रेंच नाव आहे. त्याचा अर्थ डौलाची स्पर्धा. प्रारंभी या स्पर्धा नव्या मोटारींच्याच असत. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील पेबल बीच येथे १९५० साली सुरू झालेली स्पर्धा आज जगात सर्वांत प्रतिष्ठेची मानली जाते. पण तेथेही पहिली काही वर्षे सर्वोच्च मान मिळाला तो नव्या मोटारींना. १९५५ साली प्रथमच हा पायंडा मोडला. फिल हिल नावाच्या तरुण शर्यतपटूने आपल्या मावशीची १९३१ सालची पियर्स-ॲरो मोटार दुरुस्त करून आणली आणि ती पहिली आली. हाच फिल हिल पुढे १९६१ साली फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला. त्या निकालानंतर जुनी मोटार पूर्ववत करणे ही स्वतंत्र कला म्हणून मान्यता पावत गेली.

आता, 'पूर्ववत' म्हणजे नेमके काय? येथे मते भिन्न आहेत. १९३५ साली स्थापन झालेल्या अँटीक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिका या संस्थेची परीक्षणपद्धती ४०० गुणांची आहे. विक्रेत्याने ग्राहकाच्या हाती सोपविण्यासाठी मोटार ज्या स्थितीत सज्ज केली असती, ती स्थिती या संस्थेने आदर्श मानली आहे. म्हणजे विक्रेत्याने मोटार धुतली असेल, पुसली असेल, तिला पॉलिश केले असेल, हे सारे गृहीत आहे. परीक्षक ४०० पासून आरंभ करतो आणि जेथे चूक दिसेल तेथे गुण वजा करीत खाली येतो. गमतीची गोष्ट अशी की, या स्पर्धेत मोटारीसोबत अग्निशामक नळकांडे ठेवणे अनिवार्य आहे. कारखान्याने ते कधी दिलेले नसले तरी!

याहून एक पाऊल मागे जाणारी संस्था म्हणजे १९७४ साली स्थापन झालेली नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी. ही संस्था शेव्हरोले कंपनीच्या कॉर्व्हेट या एकाच मोटारीला वाहिलेली आहे. तिचा आदर्श विक्रेत्याच्या दुकानातला नसून कारखान्याच्या फाटकावरचा आहे. जुळणीच्या पट्ट्यावरून मोटार ज्या क्षणी खाली उतरली, त्या क्षणी ती कशी होती? एवढाच प्रश्न तेथे विचारला जातो. एकूण गुण सुमारे साडेचार हजार. त्यांपैकी ९४ टक्के मिळाले तर सर्वोच्च श्रेणी. बाह्यांग, अंतर्भाग, यंत्रे, सांगाडा आणि चालणे अशा विभागांसाठी परीक्षकांच्या वेगवेगळ्या जोड्या असतात आणि प्रत्येक काळातील मोटारींसाठी परीक्षणाचे स्वतंत्र पुस्तक छापलेले आहे. बँकेच्या तपासणी-पुस्तिकेशी परिचय असलेल्या वाचकांना हे पुस्तक मुळीच परके वाटणार नाही.

कारखान्याच्या चुकाही जतन करायच्या

१९६३ ते १९६७ या काळातील कॉर्व्हेट 'स्टिंग रे' या नावाने प्रसिद्ध आहे. सेंट लुइस शहरातील कारखान्यात ती तयार होत असे. तिचे शरीर लोखंडी पत्र्याचे नसून फायबर ग्लासचे आहे. फायबर ग्लासचे तुकडे एकमेकांना चिकटवून शरीर उभे राहत असे आणि त्या सांध्यांच्या रेषा, थोडा निरखून पाहणाऱ्याला, रंगाखालून जाणवत. दारे आणि मडगार्ड यांमधील फट सर्वत्र सारखी नसे. बॉनेटच्या खालच्या बाजूला आणि मोटारीच्या तळाला रंगाचे फवारे वेडेवाकडे उडालेले असत, कारण तेथे कोणी पाहणार नाही हे कामगाराला ठाऊक होते. नट योग्य तेवढा आवळला, याची खूण म्हणून पुढच्या माणसासाठी खडूची किंवा रंगाच्या ठिपक्याची निशाणी केलेली असे. चिकटद्रव्याचे ओघळ तसेच वाळलेले असत.

हौशी मालक मोटार खोलतो तेव्हा त्याची पहिली ऊर्मी हे सारे 'नीट' करण्याची असते. सांधे घासून सपाट केले जातात, फटी सारख्या केल्या जातात, तळ आरशासारखा चकाकतो, खडूच्या खुणा धुऊन जातात आणि वर पारदर्शक थर असलेला आधुनिक रंग चढतो. त्या काळचा ॲक्रिलिक लॅकर रंग चकाकत असे, परंतु आजच्या रंगासारखी काचेची खोली त्याला नव्हती. सराईत परीक्षकाला हा फरक काही पावलांवरूनच कळतो. रंगाचे गुण जातात, सांध्यांचे जातात, तळाचे जातात. इंग्रजीत याला अतिरेकी जीर्णोद्धार अशा अर्थाचा शब्द आहे. आपल्याकडे काळ्या पाषाणाच्या देवळाला भक्तिभावाने ऑइल पेंट फासला जातो आणि शिल्पांची नाके-बोटे त्या रंगाखाली बुजतात. हेतू चांगलाच असतो, परंतु देऊळ हरवते. मोटारीचेही तेच होते.

म्हणून आज अनुभवी कारागीर मोटार धुण्याआधी तिच्या तळाची छायाचित्रे काढतो. कोणत्या नटावर पिवळा ठिपका होता, कोठे निळा, कोणत्या पट्टीवर पेन्सिलीने आकडा लिहिला होता, हे टिपून ठेवतो आणि काम संपल्यावर त्या खुणा पुन्हा तशाच काढतो. कामगाराने घाईत काढलेली रेघ घाईत काढल्यासारखीच दिसली पाहिजे. ती सुबक आली तर फसली. हे काम ऐकायला विनोदी वाटते, प्रत्यक्षात कमालीचे अवघड आहे.

या संस्थेची आणखी एक कसोटी आहे, ती रस्त्यावरची. मोटार ठरावीक अंतर चालवून दाखवायची आणि तीत जे जे यंत्र आहे ते ते चालले पाहिजे. डॅशबोर्डवरचे घड्याळ, रेडिओ, सिगारेट पेटवायचे उपकरण, हीटर, सारे काही. एखादी गोष्ट शोभेपुरती ठेवलेली असेल, तर ती येथे उघडी पडते.

स्क्रू, आटे आणि मुलामा

आता त्या स्क्रूकडे वळू. फुलीच्या खाचेचा स्क्रू आज इतका सर्वत्र आहे की, तो कधी नव्हता याची कल्पनाच येत नाही. अमेरिकेतील हेन्री फिलिप्स याने त्याचे पेटंट घेतले १९३६ साली आणि मोटारींत तो प्रथम आला त्याच सुमारास, जनरल मोटर्सच्या कॅडिलॅकमध्ये. यंत्राने स्क्रू आवळताना सरळ खाचेतून पाते निसटते, फुलीच्या खाचेत ते आपोआप मध्यावर बसते, हा त्याचा फायदा. पुढील चार-पाच वर्षांत अमेरिकेतील बहुतेक कारखान्यांनी तो स्वीकारला. तेव्हा १९३० सालच्या मोटारीच्या दारात फुलीचा स्क्रू दिसला, तर तो नंतर कोणीतरी बसवला, याविषयी शंकाच उरत नाही. बरे, फुली-फुलीतही भेद आहे. १९६० च्या दशकात ब्रिटिश कारखान्यांनी 'पोझीड्राइव्ह' नावाचा स्क्रू वापरण्यास आरंभ केला. त्यात फुलीच्या चार हातांच्या मधोमध चार बारीक रेघा असतात. दुकानदाराच्या दृष्टीने दोन्ही स्क्रू एकच, परीक्षकाच्या दृष्टीने नाहीत. काही हौशी मंडळी सर्व स्क्रूंच्या खाचा एका रेषेत आणून ठेवतात. दिसायला ते देखणे असते. परंतु दिवसाला शेकडो मोटारी बाहेर पाडणाऱ्या कारखान्यात खाचा जुळवीत बसायला कोणाला वेळ होता?

स्क्रूपेक्षाही कठीण प्रश्न आट्यांचा. एम. जी. कंपनीची टी. सी. ही दोन आसनी मोटार १९४५ ते १९४९ या काळात तयार झाली. तिची संख्या दहा हजारांच्या घरात आहे. तिच्या इंजिनाचे बोल्ट हा जगभरच्या मिस्त्रींच्या डोकेदुखीचा विषय आहे. बोल्टचे डोके ब्रिटिश व्हिटवर्थ मापाचे, त्याला पानाही व्हिटवर्थचाच लागतो. परंतु आटे मात्र मेट्रिक! इंग्लंडमध्ये, त्या काळात, मेट्रिक आटे कोठून आले? त्याचे मूळ पहिल्या महायुद्धात आहे. हॉचकिस या फ्रेंच शस्त्रास्त्र कंपनीने युद्धकाळात कॉव्हेंट्री येथे कारखाना काढला. त्यातील यंत्रसामग्री फ्रेंच, म्हणजे मेट्रिक. युद्धानंतर हा कारखाना मोटारींची इंजिने बनवू लागला आणि १९२३ साली विल्यम मॉरिस याने तो विकत घेतला. यंत्रे बदलणे खर्चाचे होते म्हणून आटे मेट्रिकच राहिले. गिऱ्हाइकांकडे आणि गॅरेजवाल्यांकडे पाने ब्रिटिश होते म्हणून डोकी ब्रिटिश झाली. मॉरिस उद्योगसमूहाच्या इंजिनांतून हा वारसा एम. जी.पर्यंत आला. हे ठाऊक नसलेला मिस्त्री हाताशी येईल तो बोल्ट रेटून बसवतो, मूळ आटे कापले जातात आणि पंच्याहत्तर वर्षे टिकलेला इंजिनाचा भाग पाच मिनिटांत बाद होतो. येथे प्रश्न केवळ गुणांचा राहत नाही.

मुलाम्याचे प्रकरण त्या मानाने सोपे आहे, तरीही चूक सर्वाधिक तेथेच होते. मोटारींवर क्रोमचा मुलामा रूढ झाला तो १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात. त्याआधी पितळ आणि नंतर निकेल. क्रोमच्या चकाकीत निळसर छटा असते, निकेलमध्ये किंचित पिवळसर ऊब. १९२४ सालच्या मोटारीचे दिवे क्रोमने झगमगत असतील, तर मालकाने पैसे खर्चून गुण घालविले असे समजावे. खरे पाहता क्रोमचा पातळ थर निकेलच्या थरावरच चढवला जातो. मुलामा देणाऱ्याला शेवटची पायरी गाळायला सांगितले की काम होते. परंतु कारागीर सवयीने ती करून टाकतो, आणि 'साहेब, तुम्हाला जास्तच चमक दिली' असे वर सांगतो.

वायरींचेही असेच. महायुद्धाच्या आगेमागे तयार झालेल्या ब्रिटिश मोटारींत सुती विणीचे वेष्टण असलेल्या वायरी असत आणि त्या विणीतील रंगीत धाग्यांवरून कोणती वायर कोठे जाते ते कळे. त्यांच्या जागी प्लॅस्टिकच्या वायरी घालून त्या प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधणे सर्वांत सोयीचे. ती दातेरी पट्टी मात्र विमानांच्या वायरी बांधण्यासाठी १९५८ साली निघाली आहे. १९४८ च्या मोटारीत ती दिसता कामा नये. टायर रेडियल की क्रॉसप्लाय, हेही पाहिले जाते. तथापि टायर झिजणारी वस्तू असल्याने बहुतेक परीक्षक तेथे थोडे उदार असतात.

आकड्यांची साक्ष

जनरल मोटर्सच्या त्या काळच्या ओतीव भागांवर तारीख उठवलेली असते. पहिले अक्षर महिन्याचे, नंतर दिवस, शेवटी वर्षाचा अखेरचा आकडा. 'सी १२ ५' असे असेल तर तो भाग १२ मार्च १९६५ रोजी ओतला गेला. समजा, मोटार स्वतः एप्रिल १९६५ मध्ये जुळवली गेली आहे. मग हे जुळते. परंतु त्याच मोटारीच्या डायनॅमोच्या जागी बसवलेल्या आल्टर्नेटरवर ऑगस्टची तारीख आढळली, तर? मोटारीच्या जन्मानंतर तयार झालेला भाग तिच्यात जन्मतः असणे शक्य नाही. फार आधीची तारीखही संशयास्पदच, कारण कारखान्यात माल वर्षभर पडून राहत नसे. धनादेशाची तारीख आणि खात्याची नोंद ताडून पाहणाऱ्या लिपिकाचीच ही नजर.

या तपासणीचा खरा कस लागतो इंजिनावरील क्रमांकापाशी. मूळ इंजिन असलेल्या मोटारीला दुसरे इंजिन बसवलेल्या मोटारीपेक्षा कितीतरी अधिक किंमत येते. साहजिकच क्रमांक घासून नवा क्रमांक ठोकण्याचा मोह होतो, आणि तो अनेकांना झालेला आहे. कॉर्व्हेटच्या इंजिनावर क्रमांकासाठी एक सपाट जागा असते. कारखान्यात ती ब्रोच नावाच्या यंत्राने तासली जाई आणि त्या तासणीच्या अतिसूक्ष्म समांतर रेषा धातूवर राहत. इंजिन जेथे तयार झाले तेथे एक ठसा उमटवला जाई, जुळणीच्या कारखान्यात दुसरा. दोन ठिकाणचे, दोन हातांचे ठसे. ते क्वचितच एका ओळीत, एका खोलीचे येत. भिंगातून पाहताना त्या समांतर रेषा गायब असतील, किंवा सर्व अक्षरे एकाच ताज्या धारेची असतील, तर परीक्षक पेन्सिल थांबवतो. खरवडलेल्या आकड्याखालचा कागद जसा वेगळा दिसतो, तसाच तो धातूही दिसतो. अशा वेळी दहा-वीस गुणांचा प्रश्न नसतो. विकत घेणाऱ्याची फसवणूक झालेली असते, आणि अनेकदा सध्याचा मालकच तो फसवला गेलेला असतो.

भारतातील मोटारींचे वेगळेपण

अमेरिकेचे पुस्तक आणून भारतातील मोटार तपासता येईल का? पुष्कळदा नाही. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढला होता. सुट्या भागांच्या पेट्या बोटीने येत आणि मोटार येथे उभी राही. सुकाणू उजवीकडे, दिव्याचा झोत डाव्या बाजूच्या वाहतुकीला अनुसरून. अशा शेव्हरोलेला डेट्रॉइटच्या पुस्तकाबरहुकूम 'दुरुस्त' करणे म्हणजे शिवडीचा इतिहास पुसणे होय.

संस्थानिकांच्या मोटारींचा प्रकार आणखी निराळा. दुसऱ्या महायुद्धापूर्वी रोल्स-रॉइस कंपनी केवळ सांगाडा आणि यंत्रे पुरवीत असे. शरीर हूपर, बार्कर यांसारख्या स्वतंत्र कारागिरांकडून, गिऱ्हाइकाच्या इच्छेनुसार बांधून घेतले जाई. शिकारीसाठी जादा दिवे, पडदानशीन स्त्रियांसाठी पडदे, राजचिन्हे, जसा हुकूम तशी मोटार. तेथे 'कारखान्याचा नमुना' असा नसतोच. मग आधार कशाचा? कागदाचा. प्रत्येक सांगाड्याची नोंदपत्रे कंपनीने ठेवली होती आणि इंग्लंडमध्ये रोल्स-रॉइस एन्थुझिॲस्ट्स क्लबच्या संग्रहात ती पाहावयास मिळतात. एम. जी., ऑस्टिन, मॉरिस या मोटारींच्या बाबतीत गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियम जुन्या नोंदींवरून दाखला देते : मोटार कोणत्या तारखेला तयार झाली, रंग कोणता, इंजिन क्रमांक काय. शंभर रुपयांचे पॉलिश आणण्याआधी असा दाखला मागवणे शहाणपणाचे.

मध्यमवर्गीय घरांत मात्र रोल्स-रॉइस नसते, फियाट असते. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने बनवलेली ही मोटार मिळण्यासाठी अनेक कुटुंबांनी वर्षानुवर्षे नंबर लावून वाट पाहिली. १९५० च्या दशकातील गुबगुबीत फियाटला लोकांनी प्रेमाने 'डुक्कर फियाट' म्हटले. तिचे पुढचे दरवाजे मागच्या बाजूच्या बिजागरीवर उघडत. १९६४ साली ११०० डी आली तेव्हा ते सरळ झाले; १९७० च्या दशकात हीच मोटार 'पद्मिनी' झाली. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३ साली शेवटची धावली. इतकी वर्षे एकच बांधणी चालल्यामुळे पुढच्या मोटारीचे भाग मागच्या मोटारीला बसतात, आणि हीच अडचण आहे. मुंबईत कुर्ला, दिल्लीत मायापुरी, चेन्नईत पुदुपेट, कोलकात्यात मलिक बाजार, कोठेही गेले तरी पद्मिनीची जाळी, दिवे, हँडल मिळतात. ती १९६५ च्या मोटारीला चपखल बसतात आणि मोटार १९६५ ची राहत नाही.

हा विषय आता कायद्यातही आला आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये अधिसूचित केलेल्या नियमांनुसार, प्रथम नोंदणीला ५० वर्षे उलटलेली आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी वा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. सांगाडा, शरीर वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. अशा वाहनाच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीसाठी २०,००० रुपये आणि फेरनोंदणीसाठी ५,००० रुपये शुल्क ठेवण्यात आले असून नोंदणी १० वर्षांसाठी असते. रोजच्या वा धंद्याच्या वापराला परवानगी नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल यांसाठी मोटार रस्त्यावर आणता येते. म्हणजे १९७० च्या आगेमागे घेतलेली वडिलांची फियाट अंगणात झाकून ठेवलेली असेल, तर तिचे 'मूळ स्वरूप' हा आता केवळ हौसेचा विषय उरलेला नाही.

हात कोठे आवरावा

गेल्या काही वर्षांत परीक्षकांचा कल आणखी एका दिशेने वळला आहे. कितीही अभ्यासपूर्वक केलेला जीर्णोद्धार ही अखेर नक्कलच. अस्सल अवस्था एकदाच असते. आंतरराष्ट्रीय ऐतिहासिक वाहन महासंघाने, म्हणजे 'फिवा'ने, २०१२ साली संमत केलेल्या तुरीन सनदेत हा विचार स्पष्ट मांडला आहे. शक्य तेथे जुने राखावे, केलेल्या कामाची लेखी नोंद ठेवावी, बदललेल्या भागावर ओळखता येईल अशी कायम खूण करावी, असे ती सुचवते. खाडाखोड लपवू नये, तेथे सही करावी, हा बँकेतील जुना शिरस्ता. तोच येथे निराळ्या शब्दांत आला आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये पेबल बीच येथे सर्वोच्च मान मिळाला तो १९३४ सालच्या बुगाटी टाइप ५९ या मोटारीला. शर्यतीतून निवृत्त झाल्यावर ती बेल्जियमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांच्याकडे गेली होती आणि त्यांनी तिला काळा रंग व पिवळा पट्टा दिला होता. तो रंग ठिकठिकाणी उडालेला आहे, चामडे फाटलेले आहे. जीर्णोद्धार न केलेली, जतन केलेली मोटार त्या स्पर्धेत पहिली येण्याची ही पहिलीच वेळ होती. शेजारी उभ्या असलेल्या डोळे दिपवणाऱ्या मोटारींच्या मालकांना काय वाटले असेल, याची कल्पना करता येते.

याचा अर्थ गंज पूजनीय आहे असा नव्हे. पत्रा सडला असेल तर तो बदलावाच लागतो, ब्रेक जुने म्हणून निकामी ठेवता येत नाहीत. निर्णय प्रत्येक भागापाशी वेगळा घ्यावा लागतो, आणि तो घेण्यापूर्वी तो भाग नीट पाहावा लागतो. म्हणून वडिलांची फियाट गॅरेजात पाठवण्याआधी दोन रविवार द्यावेत. आतून-बाहेरून छायाचित्रे काढावीत, बॉनेटखालची अधिक. गाद्यांच्या आतील शिलाईजवळ आणि दिव्यांच्या कडांखाली मूळ रंगाचा अंश सापडतो, तो जपून ठेवावा. जुने नोंदणीपुस्तक, विम्याचे कागद, खरेदीची पावती, एखाद्या लग्नात मोटारीसमोर काढलेले छायाचित्र शोधावे. मूळ जाळी आणि चाकांच्या टोप्या अनेकदा त्या छायाचित्रातच दिसतात. खोलताना प्रत्येक ठिकाणचे स्क्रू-बोल्ट निरनिराळ्या कापडी पिशव्यांत भरून वर चिठ्ठी बांधावी. मिस्त्रीला पहिल्याच दिवशी बजावून सांगावे की, काढलेला एकही भाग भंगारात द्यायचा नाही. तो हसेल, 'हे कशाला ठेवता, नवे घालून देतो' असेही म्हणेल. तरी पिशव्या मोजून घराकडे आणाव्यात.